विश्लेषण : प्रार्थना, पट आणि ‘टीईटी’... छोट्या मिशन शाळेचा आठवडा कशात जातो?

चर्चच्या आवारातली बैठी इमारत, मोजक्या वर्गखोल्या, मैदानात एखादे जुने झाड आणि गावाच्या तोंडी रुळलेले ‘मिशन शाळा’ हे नाव. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अशी शाळा आढळते. बाहेरून पाहणाऱ्याला ती आधी धार्मिक संस्था वाटते आणि मग शाळा. प्रत्यक्षात तिथल्या मुख्याध्यापकांचा आठवडा पटसंख्या, आधार पडताळणी, पोषण आहाराच्या नोंदी आणि शिक्षकांच्या पदांची काळजी यातच सरतो. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, म्हणजे ‘टीईटी’बाबत निकाल दिला आणि अल्पसंख्याक शाळांना मिळालेल्या सवलतीवरच प्रश्न उभा केला. हा वाद सुरू झाला तोही महाराष्ट्रातूनच. या शाळांचा आठवडा कसा असतो, तिथे शिकते कोण आणि त्यांच्यापुढचा खरा पेच कोणता, याविषयी.

छोटी मिशन शाळा म्हणजे नेमकी कोणती?

‘ख्रिश्चन शाळा’ म्हटले की शहरातली मोठी, इंग्रजी माध्यमाची, प्रवेशासाठी रांग लागणारी शाळा डोळ्यांपुढे येते. ती या चित्राची एक बाजू झाली. दुसरी बाजू आहे मराठी माध्यमाच्या, अनुदानित, कमी पटाच्या शाळांची. अहिल्यानगर, सोलापूर, जालना या भागांत प्रोटेस्टंट मिशनांनी काढलेल्या शाळा आणि वसईच्या गावांत धर्मग्रामांशी जोडलेल्या कॅथलिक शाळा ही त्यांची ठळक उदाहरणे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. एवढ्या लहान समाजाच्या शाळा मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेल्या आहेत. कारण त्या केवळ ख्रिस्ती मुलांसाठी कधीच नव्हत्या.

त्यांची सुरुवात कशी झाली?

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगरला काम सुरू केले. सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत दाखल झाली आणि पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या होत्या. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढण्यामागे ती एक प्रेरणा होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फॅरार यांच्याकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते.

अहमदनगरातूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये त्यातच छापून आला. पुढे पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना तिथे आसरा व शिक्षण दिले.

धर्मप्रसार हा मिशनऱ्यांचा हेतू होता, हे त्यांनीही लपवले नाही. मात्र ज्यांना दुसऱ्या शाळेच्या दारातही उभे केले जात नव्हते, अशा जातींतली मुले आणि सर्व जातींतल्या मुली यांना बाकावर जागा मिळाली ती बऱ्याचदा या शाळांत आणि त्यांच्या ‘बोर्डिंग’मध्ये. ख्रिस्ती नसलेल्या जुन्या पिढीलाही मिशन शाळेविषयी जिव्हाळा वाटतो तो यामुळे.

सोमवारचा परिपाठ वेगळा असतो का?

फारसा नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा हा क्रम इतर मराठी शाळांसारखाच असतो. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले आणि तेही परिपाठात आले. वेगळेपण असते ते एका प्रार्थनेत किंवा गीतात. काही शाळांत पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने रचलेली गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. त्यामुळे हे गीत इतर घरांतल्या मुलांच्या कानालाही परके वाटत नाही.

परिपाठानंतर ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा आणि बाकीच्यांसाठी नीतिशिक्षणाचा तास, अशी विभागणी अनेक कॅथलिक शाळांत असते. बायबलचे रीतसर शिक्षण मात्र मुख्यतः रविवारीच होते. प्रोटेस्टंट मंडळ्या त्याला शब्बाथ शाळा म्हणतात, तर कॅथलिक धर्मग्रामांत त्याला धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणतात.

प्रार्थना सर्व मुलांना सक्तीची असते का?

नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २८ याबाबत स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या खासगी शाळेत ते देता येते. पण तिथे शिकणाऱ्या मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. अनुच्छेद २९ (२) नुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेशही नाकारता येत नाही.

म्हणजे संस्था अल्पसंख्याक समाजाची असली, तरी बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलाचे स्वातंत्र्य घटनेने राखून ठेवले आहे. नाताळच्या नाटुकल्यात मेंढपाळ होणारा मुलगा घरी गणपतीची आरती म्हणत असतो आणि शाळेला त्याचे काही वाटत नाही. वाद होतो तो जिथे संमती गृहीत धरली जाते तिथे. प्रवेश अर्जासोबतच पालकांची लेखी संमती किंवा नकार घेऊन ठेवणे, हा त्यावरचा साधा आणि शाळेलाही संरक्षण देणारा उपाय आहे.

इथे शिकणारी मुले कोण?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातल्या ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांत ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर आहेत. देशातील धार्मिक अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचा वाटा साडेअकरा टक्के आहे. पण धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी जवळपास ७२ टक्के शाळा हा समाज चालवतो, असेही त्यात नमूद होते. आयोगाने त्यावरून अल्पसंख्याक शाळांच्या सवलतींचा फेरविचार व्हावा, अशी भूमिका घेतली. शाळांचे म्हणणे उलट आहे. आम्ही सर्वांची मुले शिकवतो, हीच आमची परंपरा, असे त्या सांगतात. आकडे एकच आहेत, त्यांचे अर्थ दोन निघतात. मोठ्या पीठापुढे जाणाऱ्या वादाचे मूळही तिथेच आहे.

मराठी माध्यमाच्या छोट्या मिशन शाळेत मात्र या आकड्यामागे वेगळेच चित्र असते. खासगी इंग्रजी शाळेचे शुल्क ज्यांना परवडत नाही, त्यांची ही मुले. मजुरी करणाऱ्यांची, हंगामात स्थलांतर करणाऱ्यांची, आजी-आजोबांकडे ठेवलेली. ख्रिस्ती मध्यमवर्गाची स्वतःची मुले मात्र कधीच इंग्रजी माध्यमाकडे गेली आहेत.

यात एक विरोधाभासही आहे. महाराष्ट्रात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द इंग्रजी शाळेसाठीच वापरला जातो, मग तिथे एकही सिस्टर नसो. मिशनऱ्यांच्या शिस्तीचा आणि इंग्रजीचा जो लौकिक झाला, त्यावर गल्लोगल्ली ‘कॉन्व्हेंट’ उभी राहिली. त्यांच्या बसगाड्या खऱ्या मिशन शाळेच्या दारावरूनच मुले घेऊन जातात.

पट कमी झाला की काय होते?

या शाळांच्या आठवड्यातला सर्वात मोठा ताण इथे आहे. अनुदानित शाळेत किती शिक्षकांचे वेतन सरकार देणार, हे दरवर्षीच्या संचमान्यतेत ठरते. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि तोही आधारशी पडताळणी झालेल्या मुलांचा. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यात शाळेची नोंद आणि आधार कार्ड यांचा मेळ बसला नाही, तर वर्गात रोज बसणारे मूलही हिशेबात धरले जात नाही. स्थलांतरित कुटुंबांत ही अडचण जास्त येते. म्हणून पावसाळा संपत आला की शिक्षक आधार केंद्राच्या रांगेत पालकांसोबत उभे असलेले दिसतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असे प्रमाण आहे. म्हणजे पट ६२ वरून ६० झाला, दोन कुटुंबे ऊसतोडीला किंवा शहरात गेली, की एका शिक्षकाचे पद धोक्यात येते. राज्य सरकारने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्यामुळे लहान पटाच्या शाळांतली पदे कमी होतील, अशी हरकत शिक्षक संघटनांनी घेतली आणि त्यासाठी आंदोलनेही झाली. हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळांचाही आहे. फरक असा की, जिल्हा परिषदेला शिक्षक दुसऱ्या शाळेत पाठवता येतो. एक-दोनच शाळा चालवणाऱ्या छोट्या संस्थेकडे तशी सोय नसते. पद गेले की दोन इयत्ता एका खोलीत येतात. तसे झाले की आणखी चार पालक दाखला मागतात आणि पट पुन्हा खाली येतो. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे कठीण.

दुपारच्या जेवणाची जबाबदारी कोणाची?

अनुदानित असल्यामुळे पहिली ते आठवीच्या मुलांना इथेही शालेय पोषण आहार मिळतो. २०२१ पासून या योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ आहे. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम धान्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे किंवा ते न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला. मोठ्या संस्था देणगीदार शोधू शकतात. छोट्या शाळेत अंड्याचा दिवस तेवढा आठवड्यातून वजा झाला.

तांदूळ किती आला, किती शिजला, किती मुले जेवली याची नोंद रोज ऑनलाइन करावी लागते. लिपिक नसलेल्या शाळेत हे काम वर्ग घेता घेताच होते.

दाखल्यावरचा धर्म-जातीचा रकाना इतका महत्त्वाचा का?

जनरल रजिस्टरमधला एक रकाना मुलाच्या पुढच्या शिक्षणावर परिणाम करतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही. महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. अनुसूचित जमातींना धर्माची अट नसल्याने ख्रिस्ती आदिवासींचा दर्जा कायम राहतो. दलित ख्रिश्चनांच्या मागणीचा विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

शिष्यवृत्तीची गोष्टही अशीच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२ मध्ये बंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने या इयत्तांचे शिक्षण मोफतच आहे, असे कारण केंद्राने दिले. वह्या, गणवेश, चप्पल यांचा खर्च मात्र कुटुंबावरच राहिला. म्हणून प्रवेशाच्या वेळी या रकान्यात काय लिहायचे, यावर मुख्याध्यापक आणि पालक यांच्यात जे दबक्या आवाजात बोलणे होते, ते अनेक घरांसाठी वर्षातले सर्वात गंभीर बोलणे असते. नोंद खरी आणि कागदपत्रांना धरूनच हवी. पुढे जात पडताळणीत अडचण आली, तर तिची झळ मुलालाच बसते.

‘टीईटी’चा निकाल नेमका काय आहे?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा बंधनकारक केली. महाराष्ट्रात १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ती लागू झाली. अल्पसंख्याक शाळांतल्या शिक्षकांना ती लागू होते का, हा वाद अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला.

न्या. दीपंकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. न झाल्यास सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नोकरीसाठी सूट आहे, पण पदोन्नतीसाठी परीक्षा लागेल. अल्पसंख्याक शाळांपुरता मात्र पीठाने अंतिम निर्णय दिला नाही. घटनापीठाच्या २०१४ च्या निकालाबाबत शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्याचा निर्णय लागेपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचे बंधन या शाळांवर येत नाही, असे निकालातच म्हटले आहे.

२०१४ चा निकाल काय होता?

‘प्रमती एज्युकेशनल अँड कल्चरल ट्रस्ट’ या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी सांगितले की, शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित. कारण अनुच्छेद ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. २०२५ च्या पीठाचा आक्षेप असा की, चांगला पात्र शिक्षक मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि शिक्षकाची किमान पात्रता ठरवल्याने संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप कसे बिघडते?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. अल्पसंख्याक दर्जाचा फलक लावून नियमांतून सुटका करून घेणाऱ्या संस्था आहेतच. दुसरीकडे ज्या शाळेत तीनच शिक्षक आहेत आणि त्यातले दोघे पन्नाशीच्या आसपास आहेत, तिथे एक परीक्षा चुकली तर अख्खी शाळाच अडचणीत येते.

अल्पसंख्याक दर्जामुळे किती मोकळीक मिळते?

वाटते त्यापेक्षा कमी. केरळ शिक्षण विधेयकाबाबतच्या १९५८ च्या मतप्रदर्शनापासून सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शाळा चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. अभ्यासक्रम, सुरक्षितता, शिक्षकांचे वेतन, हिशेब या बाबतीत नियम लागू होतात. मोकळीक आहे ती मुख्यतः व्यवस्थापन आणि नेमणुकांत. महाराष्ट्राच्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ नुसार अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची आणि आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींची भरती त्या कायद्याच्या बाहेर ठेवता येते. म्हणूनच अनेक शाळांत मुख्याध्यापक फादर किंवा सिस्टर असतात.

सरकारी हस्तक्षेपाला कुठे मर्यादा आहे, हे १९६३ च्या सिद्धराजभाई प्रकरणातून दिसते. ख्रिस्ती संस्थेच्या अध्यापक विद्यालयातल्या ८० टक्के जागा सरकारने पाठवलेल्या उमेदवारांना द्याव्यात, असा आदेश तत्कालीन मुंबई सरकारने काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

परदेशातून पैसा येतो, हे खरे का?

एकेकाळी खरे होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशने हळूहळू निघून गेली. प्रोटेस्टंट पंथांतल्या सहा चर्चनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले आणि बऱ्याच शाळांची मालकी भारतीय विश्वस्तांकडे आली. आता परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेतच जमा होते. छोट्या शाळांच्या हाती त्यातले फारसे काही लागत नाही. त्यांचे शिक्षक सरकारी वेतनावर असतात, तर इमारतीची डागडुजी चर्चच्या वर्गणीवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या मदतीवर होते.

सिस्टर किंवा फादर अनुदानित शाळेत शिकवत असतील, तर दारिद्र्याच्या व्रतामुळे ते आपले वेतन धर्मसंघाला देतात. या वेतनावर प्राप्तिकर कपात नको, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

या शाळेतल्या ‘बातम्या’ कोणत्या असतात?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नजर टाकली तर आठवडा कळतो. उद्या आरोग्य तपासणी, डोक्याला तेल लावून पाठवा. आधार अपडेट राहिलेल्यांची नावे. पालकसभा शुक्रवारी चार वाजता. कोणाची डबी वर्गात राहिली. तिसरीतल्या मुलीने केंद्रस्तरावर वक्तृत्वात बक्षीस मिळवले, तिचा फोटो. डिसेंबरात कॅरलचा सराव, मार्च-एप्रिलच्या सुमारास उपवासकाळ आणि उत्तम शुक्रवारची सुट्टी, जूनमध्ये पुस्तके आणि नव्या मुलांचे स्वागत. शनिवारी सकाळची शाळा असते. २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ उपक्रम सुरू झाल्याने त्या दिवशी दप्तर बाजूला राहते आणि गाणी, खेळ, हस्तकला होतात. गाण्याचा आणि नाटुकल्यांचा जुना सराव असलेल्या या शाळा या एका गोष्टीत पुढे असतात.

पुढे काय होऊ शकते?

शक्यता दोन आहेत. मोठ्या पीठाने २०१४ चा निकाल कायम ठेवला, तर अल्पसंख्याक शाळांची आजची सूट राहील. तो बदलला, तर टीईटीपासून २५ टक्के राखीव जागांपर्यंत अनेक तरतुदी अल्पसंख्याक शाळांनाही लागू होऊ शकतात. राखीव जागांची तरतूद मोठ्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांना जड जाईल. मराठी माध्यमाच्या छोट्या अनुदानित शाळेत दुर्बल घटकांतली मुले आजही बहुसंख्येने आहेत. तिथे प्रश्न येईल तो शिक्षकांचा.

त्यामुळे काही संस्थांनी निकालाची वाट न पाहता शिक्षकांना परीक्षेची तयारी करू देणे शहाणपणाचे ठरेल. दीडशे गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. मात्र न्यायालयाचा निकाल कोणताही लागला, तरी छोट्या मिशन शाळेचे भवितव्य शेवटी ठरेल ते ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी वर्गात किती मुले बसली आहेत आणि त्यांतल्या कितींची नोंद आधारशी जुळली आहे, यावर पुढच्या जूनमध्ये शाळेची घंटा वाजवायला किती शिक्षक असतील हे अवलंबून आहे. ज्या भागात ही शाळा बंद पडते, तिथे ख्रिस्ती समाजाची एक संस्था जाते हे खरेच. पण शुल्क न परवडणाऱ्या घरातल्या मुलाची पायी जाण्याच्या अंतरावरची शाळाही तिच्यासोबत जाते.